खिळ्यांचे जोडे घालून हिरवळ मोकळी होते का?

बंगल्यासमोरची हिरवळ पिवळी पडू लागली, घातलेले पाणी मुरण्याऐवजी वरच साचू लागले आणि खत देऊनही गवताला उभारी येईनाशी झाली, की मालकाला कोणी ना कोणी सांगतोच की खालची माती आवळली असून मुळांना हवा मिळत नाही. त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणून जे साधन पुढे केले जाते ते म्हणजे बुटांवर पट्ट्यांनी बांधायचे खिळ्यांचे जोडे. ते घालून हिरवळीवर फेऱ्या मारल्या की पावलागणिक मातीला भोके पडतात, भोकांतून हवा आत जाते आणि गवत पुन्हा तरारते, असा हा साधा हिशेब आहे. तो खरा आहे का, असे विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. परंतु ते उत्तर मातीची अवस्था, माणसाचे वजन आणि खिळ्याची जाडी या तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि सुदैवाने या तिन्ही गोष्टी मोजता येतात.

१. साधन

हे जोडे म्हणजे वस्तुतः जोडे नव्हेत. सुमारे तीस सेंटीमीटर लांबीची कडक प्लास्टिकची एक पट्टी, तिच्या खालून बाहेर आलेले साधारण पाच सेंटीमीटर लांबीचे लोखंडी खिळे, आणि ती पट्टी नेहमीच्या बुटाखाली आवळून बसवण्यासाठी तीन-चार बंद व त्यांची बक्कले, एवढाच त्यांचा संसार असतो. एका पायाला बहुधा तेरा खिळे असतात आणि ते घरी आणल्यावर सोबत दिलेल्या छोट्या पान्याने एकेक करून नटाने आवळावे लागतात. वापरताना हे नट सैल होतात. एखादा खिळा सुटून गवतात राहिला आणि पुढच्या कापणीत यंत्राच्या पात्याखाली आला, तर पाते तुटते किंवा खिळा उडतो. म्हणून काम संपल्यावर खिळे मोजून घेणे हे या साधनाच्या वापरातले पहिले पथ्य आहे.

अशी साधने प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेतील घरगुती बागांच्या दुनियेतली. एडविन बडिंग याने इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि तोवर विळ्या-कोयत्यांच्या किंवा मेंढ्यांच्या भरवशावर राखली जाणारी हिरवळ हळूहळू मध्यमवर्गीय घरापुढे आली. हिरवळ आली तिच्याबरोबर तिची दुखणीही आली. गोल्फ खेळणाऱ्यांच्या बुटांना पूर्वी धातूची टोके असत. ती सहा ते आठ मिलिमीटर लांबीची असून तसे बूट घालून गवत कापत हिंडले म्हणजे मातीला आपोआप हवा मिळते असा समज तिकडे बराच काळ होता. आठ मिलिमीटरचे टोक गवताच्या बुडाशी साचलेल्या काडीकचऱ्यातच अडते, त्यामुळे त्या समजाचा विचार येथे फार करण्याचे कारण नाही. पाच सेंटीमीटरच्या खिळ्याचा मात्र करावा लागतो.

२. मातीतली रिकामी जागा

माती घट्ट दिसते, तरी चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग रिकामा असतो. मातीचे कण आणि कणांची बनलेली बारीक ढेकळे यांच्यामध्ये ज्या फटी राहतात त्यांना रंध्रे म्हणतात. मोठ्या रंध्रांतून पाऊस पडल्यावर पाणी खाली झिरपून जाते आणि मागे हवा उरते. लहान रंध्रांत मात्र पाणी धरून ठेवले जाते आणि मुळे ते हळूहळू पितात. माळ्याच्या दृष्टीने उत्तम मातीत सामान्यतः अर्धा भाग घन पदार्थ, पाव भाग पाणी आणि पाव भाग हवा असते.

ही रिकामी जागा मोजण्याची रीत सोपी आहे. मातीतले खनिज कण सर्वत्र जवळजवळ सारख्याच वजनाचे असतात, म्हणजे एक घनसेंटीमीटर निखळ कणांचे वजन सुमारे २.६५ ग्रॅम भरते. मग फटींसकट एक घनसेंटीमीटर कोरडी माती १.३ ग्रॅम भरली, तर तिचा १.३ भागिले २.६५ म्हणजे ४९ टक्के भाग घन आणि ५१ टक्के रिकामा आहे असे निघते. तीच माती दबून १.६ ग्रॅमवर गेली तर रिकामा भाग ४० टक्क्यांवर येतो. अकरा टक्क्यांचा हा तोटा वरवर पाहता सोसण्याजोगा वाटेल. पण दाब पडला की आधी मिटतात ती मोठी रंध्रे, लहान रंध्रे बव्हंशी तशीच राहतात. पहिल्या स्थितीत ५१ टक्क्यांपैकी २६ टक्के पाण्याने व्यापले असले तर हवेला २५ टक्के उरतात. दुसऱ्या स्थितीत ४० मधून तेच २६ वजा केले की हवेच्या वाट्याला १४ टक्केच येतात. हवेचा हिस्सा दहा टक्क्यांच्या खाली घसरला की बहुतेक गवतांची मुळे गुदमरू लागतात, म्हणजे एका चांगल्या पावसाने ही माती त्या रेषेखाली जाते.

३. हवा आत जाते कशी

मुळे जिवंत असतात, त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि त्यांच्यासोबत मातीतले असंख्य सूक्ष्मजीवही तो वापरून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतात. त्यामुळे मातीतल्या हवेत ऑक्सिजन थोडा कमी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट अधिक असतो. ही देवाणघेवाण वाऱ्याने होत नाही. ज्या ठिकाणी एखादा वायू दाट आहे तेथून तो विरळ असलेल्या ठिकाणी आपोआप पसरत जातो. या क्रियेला विसरण म्हणतात आणि मातीचा सगळा श्वासोच्छ्वास मुख्यतः तिच्यावर चालतो.

विसरणाची गंमत, किंवा अडचण, अशी की ऑक्सिजन पाण्यातून पसरतो तो हवेतून पसरण्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश. म्हणून रंध्रे नुसती असून भागत नाही, ती पाण्याने भरलेली नसावी लागतात आणि एकमेकांना जोडलेली असून वरपर्यंत उघडी असावी लागतात. हिरवळीवर पाणी साचले की गवताला पाणी जास्त झाले असे म्हणण्याची पद्धत आहे. खरे म्हणजे त्याला हवा कमी पडलेली असते.

४. माती आवळते कशी

शिगोशीग भरलेले ज्वारीचे माप दोनदा जमिनीवर आपटले की धान्य दोन बोटे खाली बसते, दाणा एकही कमी झालेला नसतो, कमी होते ती दाण्यांमधली पोकळी. पायदळी जाणाऱ्या मातीचे नेमके असेच होते, आणि ओल जितकी अधिक तितके ते सहज होते, कारण पाण्याने कण एकमेकांवरून घसरू लागतात. कोकणातला शेतकरी भातलावणीपूर्वी खाचरात चिखलणी करतो ती याच हेतूने: ओली माती तुडवून तिची रंध्रे मोडली की पाणी खाली न जाता खाचरात उभे राहते. भाताला ते मानवते, कारण भाताच्या खोडात मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात. हिरवळीच्या गवताची तशी सोय नाही, आणि तरीही भर पावसाळ्यात तिच्यावरून ये-जा करून घरोघरी नकळत छोटी चिखलणी चाललेली असते.

पायांनी आणि कापणीयंत्रांच्या चाकांनी होणारी ही दाबणी मुख्यतः वरच्या पाच ते आठ सेंटीमीटरांत असते. शहरी बंगल्यांत मात्र आणखी एक दाबणी खोलवर दडलेली असते. बांधकाम संपल्यावर अंगणात मुरूम आणि राडारोडा पसरून त्यावर रोलर फिरवला जातो, वर वीतभर लाल माती येते आणि तिच्यावर तयार गवताच्या लाद्या अंथरल्या जातात. हिरवळ वर्षभर छान दिसते. मुळे मुरुमापाशी पोचली की तिची वाढ थांबते आणि दोष माळ्याला लागतो. क्रिकेटच्या मैदानावर आवळलेल्या आणि मोकळ्या मातीतला फरक मुद्दाम राखलेला असतो: खेळपट्टी जड रोलरने दाबून काढतात, कारण तिथे चेंडूला उसळी हवी असते, गवताला वाढ नको असते, बाहेरच्या मैदानाची माती मात्र हंगाम संपला की भोके पाडून मोकळी करतात.

५. साठ किलोंचे तेरा वाटे

आता खिळ्यांच्या जोड्यांकडे वळता येईल. साठ किलो वजनाचा माणूस चालताना एक पाय उचलतो तेव्हा त्याचा सगळा भार दुसऱ्या पायावर, म्हणजे तेरा खिळ्यांवर येतो. खिळ्याची जाडी पाच मिलिमीटर धरली तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस सेंटीमीटर आणि तेरा खिळ्यांचे मिळून २.५५ चौरस सेंटीमीटर भरते. साठ भागिले २.५५ केले की दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे साडेतेवीस किलोंचा दाब निघतो. तेरा खिळे एकदम मातीत घुसवायला माणसापाशी असलेले भांडवल ते एवढेच, आणि त्यातलाही काही भाग खिळ्याच्या अंगाशी होणाऱ्या घर्षणात जातो.

हा आकडा महत्त्वाचा ठरतो तो दुसऱ्या एका आकड्यामुळे. माती किती घट्ट आहे हे मोजण्यासाठी शंकूच्या टोकाची एक सळई मातीत दाबतात आणि तिला होणारा विरोध वाचतात. हा विरोध दर चौरस सेंटीमीटरला वीस किलोंच्या आसपास गेला की बहुतेक पिकांची आणि गवतांची मुळे पुढे सरकत नाहीत, असे मृदाशास्त्रात सर्वमान्य आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की या साधनाची खरी अडचण उघड होते. ज्या मातीत मुळे सुखाने शिरत आहेत तिच्यात खिळेही सुखाने शिरतात; जी माती मुळांना अडवू लागली आहे तिच्यात खिळे जेमतेम शिरतात; आणि जी खरोखर आवळून दगडासारखी झाली आहे, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा, तिच्यावर माणूस खिळ्यांच्या टोकांवर तोल सावरीत उभा राहतो. म्हणजे इलाजाची गरज वाढत जाते तसतसा हा इलाज अशक्य होत जातो.

निर्मात्याने खिळे वाढवले तर भोके वाढतील पण प्रत्येक खिळ्याच्या वाट्याचे वजन घटेल. खिळे कमी केले तर ते खोल जातील पण भोके कमी पडतील. बारीक केले तर शिरतील पण वाकतील. माणसाचे वजन काही वाढवता येत नाही, तेव्हा या साधनात सुधारणेला फारशी जागाच उरत नाही.

प्रत्यक्ष चालताना आणखी एक गोष्ट घडते. माणूस टाच आधी टेकतो, त्यामुळे टाचेखालच्या चार-पाच खिळ्यांवर क्षणभर सगळा भार येऊन ते बुडतात, पुढचे अर्धवट राहतात, आणि पाऊल उचलताना तो सवयीने टाच वर करून पुढे झुकतो तेव्हा रुतलेले खिळे आडवे ओढले जाऊन गवताची मुळे उपटतात. पट्टी बुटाखालून सरकते, बंद ढिले पडतात, आणि घोटा मुरगळण्याचा संभव राहतो. म्हणून हे जोडे घालून चालायचे नसते. पाय सरळ वर उचलून सरळ खाली ठेवायचा असतो, आणि ही चाल पाच मिनिटांत पोटऱ्यांना कळते.

६. खिळा शिरला, माती कुठे गेली?

समजा माती ओलसर आहे आणि खिळा पूर्ण पाच सेंटीमीटर शिरला. त्याने सुमारे एक घनसेंटीमीटर जागा व्यापली, आणि तिथली माती बाहेर तर आलेली नाही. ती बाजूला सरकली. ज्वारीच्या मापात काठी खुपसली तर काठीभोवतीचे दाणे जसे दाटतात तशी खिळ्याभोवतीची माती दाटते.

किती दाटते याचाही अंदाज बांधता येतो. खिळ्याभोवती दीड सेंटीमीटर व्यासाचा, पाच सेंटीमीटर खोलीचा मातीचा एक दंडगोल कल्पिला आणि सरकलेली सगळी माती त्यातच मावली असे धरले, तर त्या दंडगोलाचे घनफळ ८.८ घनसेंटीमीटर येते. मातीची घनता आधी १.५ असेल तर त्यात सव्वातेरा ग्रॅम माती होती. आता तेवढीच माती ७.८५ घनसेंटीमीटरांत बसली आहे, म्हणजे तिची घनता १.६९ झाली आणि रिकामी जागा ४३ टक्क्यांवरून ३६ वर आली. खिळ्याने एक बारीक उघडे भोक दिले, पण त्याच्याभोवती आधीपेक्षा घट्ट भिंत बांधली. चिकणमाती असेल तर ओल्या भिंतीवरून खिळा घासत वर येताना ती गुळगुळीत लिंपलीही जाते, आणि लिंपलेल्या भिंतीतून हवा-पाणी आडवे पसरत नाही.

भोके एक-दोन पाण्यांतच मिटू लागतात, विशेषतः ओल लागताच फुगणाऱ्या काळ्या मातीत. भिंतीचा घट्टपणा मात्र त्यांच्यानंतरही राहतो. एकाच हिरवळीवर हे जोडे वर्षानुवर्षे फिरवले तर माती मोकळी होण्याऐवजी आणखी आवळण्याची शक्यता अधिक, हे या गणिताचे उत्तर आहे आणि ते विक्रेत्यांना आवडणारे नाही.

७. पोकळ दात

गोल्फची मैदाने सांभाळणाऱ्यांच्या ही अडचण फार पूर्वीच लक्षात आली होती. खेळाडू जिथे चेंडू भोकात ढकलतात तो गोल्फच्या मैदानाचा भाग सतत तुडवला जातो आणि गवत तर अगदी बारीक कापलेले असते, त्यामुळे तेथील माती हातातल्या काट्यांनी टोचत बसावे लागे. अमेरिकेच्या पेन्सिल्वेनिया राज्यातील टॉम मस्कॅरो याने १९४६ साली भोके पाडता पाडता माती उपसून काढणारे यंत्र बाजारात आणले आणि या कामाची दिशा बदलली. आज वापरात असलेल्या पोकळ दातांच्या यंत्रांत दात नळीसारखा असतो. तो खाली गेला की मातीची कांडी नळीत शिरते आणि वरच्या तोंडाने बाहेर पडते. माती बाजूला ढकलली जाण्याऐवजी जमिनीबाहेर जाते, आणि उरलेल्या मातीला पसरायला जागा मिळते.

दोन्ही साधनांची तुलना एका चौरस फुटावर करता येईल. घरगुती हिरवळीसाठी एका चौरस फुटात वीस ते चाळीस भोके असावीत असे सांगितले जाते. सोयीसाठी सव्वीस धरावीत. खिळ्यांच्या जोड्यांची ती दोन पावले झाली. सव्वीस खिळ्यांनी उघडलेली जागा ५.१ चौरस सेंटीमीटर, आणि चौरस फुटात ९२९ चौरस सेंटीमीटर असतात, म्हणजे अर्धा टक्का जेमतेम उघडला. सोळा मिलिमीटर व्यासाच्या पोकळ दाताने तितकीच भोके पाडली तर ५२ चौरस सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून अधिक जागा उघडते. भोक तिपटीहून थोडे अधिक रुंद असले की क्षेत्रफळ दसपट होते. शिवाय हे दात सात सेंटीमीटर खोल गेले तर चौरस फुटामागे सुमारे अर्धा किलो माती वर येते. पाचशे चौरस फुटांच्या हिरवळीतून पावणेतीनशे किलो माती उपसली गेली, असा त्याचा अर्थ होतो. त्याच हिरवळीवर खिळ्यांच्या जोड्यांनी एक हजार पावले टाकूनही एक चिमूटभर माती बाहेर आलेली नसते.

पोकळ दातही निर्दोष नाही. दरवर्षी त्याच खोलीवर ते चालवले तर भोकांच्या तळाशी घट्ट थर साचतो, जसा दरसाल एकाच खोलीवर नांगरलेल्या शेतात साचतो. परंतु हा दोष खोली बदलून टाळता येतो.

८. जोड्यांचे खरे उपयोग

म्हणून हे जोडे निरुपयोगी ठरतात का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. काही हिरवळींचे दुखणे खोल मातीत नसते, अगदी वरच्या कातडीत असते. गवताची हिरवी पाने आणि माती यांच्या मधोमध न कुजलेल्या काड्या, धावणारी खोडे आणि मुळ्या यांचा विणलेला एक थर साचतो. तो सव्वा सेंटीमीटरपर्यंत असला तर ओल राखतो. त्याहून जाड झाला आणि एकदा सुकला की तो पाण्याला आतच येऊ देत नाही. हरळीसारखी जमिनीलगत धावणारी गवते हा थर विशेष लवकर बनवतात. (शेतकरी जी हरळी कुदळीने खणून, वेचून बांधावर फेकतो तीच शहरात चौरस फुटाच्या भावाने विकत घेतली जाते, हा नशिबाचा भाग.) असा थर किंवा पाण्याच्या थेंबांनी बसलेली मातीची पापडी फोडून पाण्याला वाट करून देणे, उतारावरून वाहून जाणारे पाणी थोडा वेळ थोपवणे, विरळ झालेल्या जागी पेरलेले बी मातीला भिडवणे, एवढी कामे खिळे चोख करतात, कारण या कामांना दोन-तीन सेंटीमीटर पुरतात. रेताड मातीतही त्यांचे फारसे नुकसान नाही. तिथे मात्र गरजही फारशी नसते.

त्यांचा सर्वांत खात्रीचा उपयोग वेगळाच निघाला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात या जोड्यांची चाचणी हुमणीवर घेण्यात आली. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली अळी; ती मुळे कुरतडते आणि तिने पोखरलेली हिरवळ सतरंजीसारखी हातात उचलून येते. दर चौरस इंचाला सरासरी दोन खिळे पडतील इतक्या वेळा जोडे फिरवल्यावर ५६ टक्के अळ्या मेल्या. हे प्रमाण कीटकनाशकाच्या जवळ जाणारे असून त्यात विष नाही. पण श्रम पाहावेत. चौरस इंचाला दोन म्हणजे चौरस फुटाला २८८ खिळे, म्हणजे बावीस पावले. सगळी हिरवळ अशी तुडवणे कोणाला झेपणारे नाही, पिवळे पडलेले डाग तेवढे तुडवता येतात. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना हुमणी चांगलीच परिचित आहे. वळवाच्या किंवा मृगाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि अळ्या पावसाळाभर मुळांवर जगतात. हिरवळीत त्या सापडल्या तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, माती ओलसर आणि अळी वरच्या थरात असताना, हे जोडे बाहेर काढण्यात अर्थ आहे.

९. करावे काय

आधी निदान करावे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हिरवळीत दहा-बारा ठिकाणी हाताने दाबावा. तो मुठीपर्यंत सहज गेला तर माती आवळलेली नाही आणि पिवळेपणाचे कारण अन्यत्र, पाण्यात, सावलीत किंवा खतात, शोधावे. तो थोडा जाऊन अडला तर माती आवळलेली आहे. आणि प्रत्येक ठिकाणी वीतभरावर टणकन लागला तर खाली मुरूम किंवा राडारोडा आहे. त्यावर खिळे, पोकळ दात किंवा खत यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही, तेवढा भाग खणून माती बदलणे हाच उपाय उरतो.

आवळलेल्या मातीवर काम करायचे ते वाफसा असताना. वाफसा म्हणजे मातीत पाणी आणि हवा दोन्ही बेताने असण्याची स्थिती: मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा आणि तो कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटावा. गोळा चपटा होऊन तसाच राहिला तर माती फार ओली आहे, दाताने भिंती लिंपल्या जातील. गोळाच झाला नाही तर फार कोरडी, दात शिरणार नाही. ऋतूचा नियम असा की गवत जोमाने वाढत असताना भोके पाडावीत, म्हणजे मुळे ती लगेच भरून काढतात. इंग्लंडातली थंडीची गवते शरदात वाढतात म्हणून तिकडच्या पुस्तकांत सप्टेंबर-ऑक्टोबर लिहिलेला असतो. महाराष्ट्रातील हरळी आणि तिच्यासारखी उष्ण हवामानातली गवते मृगाच्या पहिल्या सरींनंतर उसळून वाढतात, तेव्हा पहिल्या पावसानंतरची उघडीप हीच येथील योग्य वेळ, आणि परदेशी वेळापत्रक येथे जसेच्या तसे उतरवणे चुकीचे ठरते.

पोकळ दाताचे यंत्र भाड्याने मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास तीन-चार दातांचा बागकामाचा मजबूत काटा चालतो. तो दहा सेंटीमीटर खोल पायाने दाबावा आणि दांडा मागे-पुढे थोडा हलवावा, म्हणजे माती तळातून किंचित उचलली जाऊन तिला भेगा पडतात. भेगा पडण्याची ही क्रिया खिळ्यांच्या जोड्यांत मुळीच होत नाही, आणि काट्याची सरशी तिच्यामुळेच आहे. दर वितीला एक याप्रमाणे ओळी धरत मागे मागे सरकावे, म्हणजे मोकळी केलेली माती पुन्हा पायाखाली येत नाही. फवाऱ्याचे नळ किंवा ठिबकच्या नळ्या पुरलेल्या असतील तर त्यांच्या रेषा आधी चुन्याने आखून घ्याव्यात. नंतर चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत बोटभराहून कमी थरात पसरून दाताळ्याच्या पाठीने भोकांत ढकलावे, पाणी द्यावे आणि पुढचे पंधरा दिवस हिरवळीवर वावर टाळावा.

खताचा खरा फायदा उशिरा दिसतो. सेंद्रिय पदार्थ वाढला की गांडुळे येतात, आणि माती पोखरून वर आणण्यात त्यांची बरोबरी कोणतेच यंत्र करत नाही. चार्ल्स डार्विनने १८८१ सालच्या आपल्या गांडुळांवरील पुस्तकात हिशेब मांडला होता की इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून वर येते. पाचशे चौरस फुटांना लावले तर हे शंभर किलोंहून अधिक होतात, आणि गांडुळाचे बीळ खिळ्याच्या भोकासारखे दोन पाण्यांत मिटत नाही. हिरवळीवर सकाळी दिसणारे त्यांच्या विष्ठेचे बारीक ढीग काही मालकांना खुपतात आणि ते औषध मारून गांडुळे संपवतात. ते ढीग वाळल्यावर खराट्याने पसरून टाकले की पुरते. पोकळ दातांनी वर आलेल्या मातीच्या कांड्यांनाही हाच न्याय लावावा: त्या गोळा करून फेकू नयेत, दोन-तीन आठवड्यांत पाण्याने आणि कापणीने त्या आपोआप विरघळून गवतात मिसळतात.